तेलाखालचं पाणी

लग्न होऊन सिल्वासाला आले तेव्हा शेजारच्या बायका सासूबाईंना विचारायच्या, सून काय करते? सासूबाई पदर सावरत सांगायच्या, "तेलात किडे शोधते." पुढचा प्रश्न ठरलेला असायचा, कुठलं तेल, शेंगदाण्याचं की सोयाबीनचं? इंजिनाचं म्हटलं की बायकांचा रस उडायचा. इंजिनाच्या तेलात किडे पडले तर पडू देत, त्यात कुणाला भजी तळायचीत!

मी मूळची अमळनेरची. सूक्ष्मजीवशास्त्रात पदवी घेतली ती औषधांच्या कंपनीत पांढरा कोट घालून मिरवायचं म्हणून. नोकरी मिळाली दादऱ्याच्या एका तेल तपासणाऱ्या प्रयोगशाळेत. कोट मिळाला, पण थोड्याच दिवसांत त्याचा रंग असा झाला की तो मुळात पांढरा होता हे मला लोकांना सांगावं लागे. सिल्वासाच्या आसपास तेल बनवणारे, तेल भरणारे आणि तेलावर चालणारे कारखाने इतके, की काम कधी कमी पडलं नाही. निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले.

बाहेरच्या माणसाला हे काम समजावून सांगताना पहिली अडचण लोणच्याची येते. "मॅडम, लोणच्यावर तेलाचा थर ठेवतो तो किडू नये म्हणूनच ना? मग नुसत्या तेलात जंतू कुठून येणार?" हा युक्तिवाद मी इतक्या वेळा ऐकला आहे, की माणूस खुर्चीत टेकला की मला त्याच्या तोंडावर लोणचं दिसू लागे. त्याचं अर्धं बरोबर असतं. निव्वळ तेलात जंतू वाढत नाहीत. पण तेलात पाणी शिरलं की ते जड म्हणून तळाशी बसतं, आणि जंतू त्या पाण्यात संसार थाटतात. राहायला पाणी, खायला डोक्यावरचं तेल. इंजिन रोज चालून तापत असेल तर बरेचसे मरतात. इंजिन नुसतं उभं असेल, कोमट असेल, तर मात्र त्यांची चंगळ. तेल दुधाळ होतं, गाळणीवर बुळबुळीत साय धरते, आणि धातूला आतून गंज चढतो.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. उंबरगावचा एक तांडेल आपल्या बोटीच्या इंजिनातलं तेल चक्क ताकाच्या बरणीत घेऊन आला आणि म्हणाला, "विरजण लागलंय, बघा." निदान बरोबर होतं. दुसरे एक शेठ, तेलाचे मोठे व्यापारी, सूर्यास्तानंतर पाण्याचा घोटही न घेणारे. त्यांच्या साठ्यात जंतू निघाले. मी औषध सुचवलं, तर शेठ पांढरे पडले. "बेन, आ दवा नाखीशुं तो ए जीव मरी जशे ने?" मरतीलच, त्यासाठीच तर औषध. मग तेल तापवायचं म्हटलं, तर त्यातही हिंसा. अखेर मी वैतागून म्हटलं, शेठ, पाणीच शिरू देऊ नका, म्हणजे कुणी जन्मणार नाही आणि कुणी मरणार नाही. ते त्यांना असं पटलं की त्यांनी सगळे ड्रम आडवे करून छपराखाली नेले, टाक्यांच्या तळाचं पाणी रोज काढायला एक माणूस ठेवला. अख्ख्या परिसरात त्यांच्याइतकं स्वच्छ तेल मी पाहिलं नाही. जंतूंच्या दयेपोटी जंतूंचा एवढा बंदोबस्त कुणी केला नसेल!

अशा गमती सांगत दिवाळी अंकाची पानं भरता आली असती. पण मला सांगायचं आहे ते निंबा आप्पांचं.

गलोंड्याला धागा बनवणारा एक कारखाना होता. तिथे दोन जुनी, खोलीएवढी डिझेल इंजिनं होती. पूर्वी कारखाना त्यांच्यावरच चाले. आता वीज भरवशाची झाली होती, त्यामुळे इंजिनं वीज गेली तरच चालवायची. एरवी ती झाकून उभी. त्यांच्याखाली जमिनीत तेलाची मोठी टाकी, वर माणूस कसाबसा उतरेल एवढं झाकण. या इंजिनांचे ऑपरेटर निंबा आप्पा. पन्नाशी ओलांडलेले, किडकिडीत, कानात कायम कापूस. एकदा ते पाण्याच्या बाटलीत तेल भरून प्रयोगशाळेत आले.

"साहेबानी नही धाडं, मीच उनू," ते म्हणाले. म्हणजे साहेबांनी पाठवलं नव्हतं, आपणहून आले होते. बोली ऐकून मी विचारलं, "आप्पा, गाव कोनतं?"

"शिरपूरजोडे."

शिरपूरजवळचे, म्हणजे माझ्या अमळनेरच्याच मुलखातले. त्या दिवसापासून मी मॅडमची ताई झाले. बाटलीचं झाकण उघडलं आणि सडक्या अंड्यांचा भपकारा आला. आम्ही तेलात एक पट्टी बुडवतो, तिच्यावर जंतूंचं खाद्य लावलेलं असतं. उबेत ठेवली की जंतू असतील तिथे लाल ठिपके उमटतात. आप्पांच्या पट्टीवर ठिपके मोजायची सोय नव्हती, सगळी पट्टीच लाल. हवा नसलेल्या जागी वाढणारे आणि तो घाण वास सोडणारे जे जंतू, त्यांच्यासाठी वेगळी काचनळी असते. जंतू असले की ती काळी पडते. ती शाईसारखी काळी झाली.

मग मी कारखान्यात गेले. मॅनेजर बरोबर होते. चाळिशीचे, घाईत असणारे, सतत फोन खालीवर करणारे. आप्पांनी मला इंजिन असं दाखवलं, जशी आपण पाहुण्यांना नात दाखवतो. पितळेचा प्रत्येक भाग लखलखीत. इंजिनाचं तेल पाण्याने थंड करणाऱ्या कूलरमधून पाणी झिरपून तेलात उतरतं आहे, हे त्यांनी पावसाळ्याआधीच साहेबांना सांगितलं होतं. मॅनेजरनी मान हलवली, "हां हां, दिवाली में करवाते हैं." मी माझ्या नेहमीच्या पद्धतीने विचारलं, "बाहेरून आणखी काही आत जातं का? धुताना वगैरे?"

आप्पांचा चेहरा उजळला. "ताई, दर खंडेनवमीले मी इंजनले आंघोळ घालस. हयद लावस. नि तापीमायनं पानी एक पळी तेलमा. माय शे ती. तिना हात फिरना म्हंजे इंजन वरीसभर रडत नही."

गावाहून येताना ते तापीचं पाणी बाटलीत भरून आणत. नवरदेवासारखी हळद लावून, अंघोळ घालून झाली की एक पळी तेल भरायच्या तोंडातून आत. मी हसून म्हटलं, आप्पा, यापुढे हात बाहेरूनच फिरवा. तेही हसले. मॅनेजर हसले नाहीत. ते ऐकत होते.

निघण्यापूर्वी मी दोघांनाही बजावलं. हे जंतू जो वायू सोडतात तो जीव घेतो. थोडा असेल तर वास येतो. फार झाला की नाकच बधिर होतं आणि वास थांबतो, माणसाला वाटतं की हवा मोकळी झाली. म्हणून टाकी साफ करताना नाकावर जायचं नाही. तेल काढायचं, पंख्याने हवा खेळवायची, मापकाने वायू मोजायचा, मगच माणूस उतरवायचा, तोही कमरेला दोर बांधून. हे मी अहवालातही लिहिलं. आप्पा म्हणाले, मी हजर असल्याशिवाय झाकण उघडू देत नाही.

भटू हा आप्पांचा साडू. आप्पांची बायको सुमन आणि भटूची बायको लता, सख्ख्या बहिणी. आप्पांनीच भटूला इथे आणलं, चिकटवलं, शिकवलं. कारखान्याच्या चाळीत दोघांच्या खोल्यांना मधली भिंत एकच होती आणि तीही जेवणाच्या वेळी असून नसल्यासारखी, कालवण इकडे शिजलं तरी दोन्हीकडे जायचं. भटू एकदाच माझ्याकडे आला होता, आप्पांचा दुसरा नमुना द्यायला. बडबड्या, गोलमटोल, आणि नाकाचा भारी अभिमान. माझ्या टेबलावर बाटल्या होत्या, त्या न विचारता उचलून हुंगायला लागला. "हाई गिअरनं शे. हाई वापरेल शे. नि हाई, ताई, तेल नही, तुमना च्या शे." तिन्ही बरोबर. डिझेलमध्ये रॉकेल घातलेलं तो टँकरचं झाकण उघडताच सांगायचा, आणि कारखान्यात त्याच्या नाकावर सगळ्यांचा विश्वास होता.

दिवाळीत कारखाना बंद झाला. चाळी रिकाम्या झाल्या. आप्पा आणि सुमन भाऊबीजेला गावी गेले. टाकीचं काम ते परतल्यावर करायचं असं ठरलं होतं. पण मालकांना कारखाना लवकर सुरू करायचा होता, आणि मॅनेजरनी भटूला बोलावून सांगितलं, तू करून टाक. साफसफाईचा ठेकेदार सुट्टीवर, मापक त्याच्याकडेच. सोबतीला सुरंगीचा एक वारली मजूर दिला, वरून बादल्या ओढायला.

पुढचं त्या मजुराने सांगितलं ते असं. पंपाने तेल काढलं, तळाचं काळं पाणी आणि गाळ मात्र राहिला. भटू झाकणाशी बसून वास घेत होता. खूप घाण होता. मग गाळ ढवळला जाण्यासाठी त्याने बांबू आत फिरवला. पुन्हा वाकून हुंगलं आणि म्हणाला, "वास गया." दोर न बांधता शिडीवरून उतरला. मजुराने बादली सोडली, ती कुणी धरली नाही. त्याने हाका मारल्या, आणि तो वाकणार तोच त्याला भोवळ आली म्हणून मागे झाला. त्यामुळे तो वाचला.

बांबू फिरवल्यावर गाळात अडकलेला वायू एकदम वर आला होता. वास गेला नव्हता, भटूचं नाक गेलं होतं. मी हे आजवर कितीतरी लोकांना समजावलं आहे, आणि दर वेळी माझा आवाज चढतो. राग येतो मला. त्या घाईचा, त्या "करून टाक"चा येतो. ज्याला सांगायला हवं होतं त्याच्यापर्यंत माझा अहवाल पोचला नाही, तो साहेबांच्या खणात व्यवस्थित लावलेला होता, याचा सगळ्यात जास्त येतो.

भटूचं तेरावं होण्याआधीच मॅनेजरनी फाटकाशी कामगारांना सांगून टाकलं की तुमचे आप्पा इंजिनात नदीचं पाणी ओततात, त्यातले जंतू टाकीत वाढले आणि त्यातून विष झालं. खोटं म्हणावं तर प्रत्येक तुकडा कुठेतरी खरा होता. बोलणं चाळीत गेलं. लताने आप्पांच्या घरचं पाणी पिणं बंद केलं. भांडली नाही, रडून बोल लावला नाही. सुमनने पाठवलेला डबा झाकण न उघडता परत यायचा. त्या मधल्या भिंतीपलीकडून मुलांचा आवाज येई आणि आप्पा ऐकत बसत, असं सुमन मला म्हणाली.

सरकारी निरीक्षकांनी टाकीतलं पाणी आमच्याकडे धाडलं. ते येण्याआधी मॅनेजर येऊन गेले. "मॅडम, आप बस इतना लिख दो कि जंतू बाहर के पानी से आए." मी म्हटलं, जे दिसेल ते लिहीन. कूलरच्या पाण्यात गंज धरू नये म्हणून एक औषध घालतात. तेच औषध टाकीच्या पाण्यात भरपूर सापडलं. म्हणजे टाकीतलं पाणी कूलरचंच, ज्याबद्दल आप्पा पावसाळ्याआधीपासून ओरडत होते. हे मी ठळक लिहिलं.

राहिले जंतू. आप्पा स्वतः उरलेल्या तापीच्या पाण्याची बाटली घेऊन आले. "हाई बी तपासा," एवढंच म्हणाले. मी नळ्या लावल्या. कूलरच्या पाण्याची नळी काळी पडली. तापीच्या पाण्याचीही पडली. मी चिडून आमच्या प्रयोगशाळेमागच्या गटाराचं पाणी लावलं, तीही पडली. हे जंतू सगळीकडेच असतात. टाकीतले नेमके कुठून आले हे आमच्या नळीला सांगता येत नाही, आणि जे सांगता येत नाही ते मी आयुष्यभर लिहिलेलं नाही. मी लिहिलं, पाणी कूलरच्या गळतीचं, जंतूंचं मूळ निश्चित करता येत नाही.

मॅनेजरनी कामगारांना वाचून दाखवलं ते फक्त शेवटचं वाक्य. गळतीबद्दल निरीक्षकांनी कारखान्याला नोटीस दिली, पण चाळीत पोचलं ते "निश्चित करता येत नाही", एवढंच.

आप्पा पुन्हा प्रयोगशाळेत आले. कानातला कापूस काढून हातात धरला होता.

"ताई, खरं सांगा. ते पानी मनं व्हतं का?"

"नाही, आप्पा." मी मनापासून म्हटलं. एवढ्या मोठ्या टाकीत एक पळी. कूलरचं पाणी महिनोन्‌महिने घागरीनं उतरत होतं, जंतूही घेऊन येत होतं. तुम्ही पळीभर घातलं नसतं तरी हेच झालं असतं.

"मंग कागदवर तसं काबर नही लिखं?"

"कागदावर लिहायला पुरावा लागतो."

त्यांनी कापूस पुन्हा कानात घातला. मग म्हणाले, "मंग लताले तोंडी सांगा. मनं ती आयकत नही."

मी गेले. लता तिशीची, बारीक, केस घट्ट बांधलेली. तिने मला चटई टाकली, चहा ठेवला. आप्पा आत आले नाहीत, उंबऱ्याबाहेर उभे राहिले. तिने त्यांना या म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. मी सगळं समजावलं. कूलर, गळती, औषध, पळी आणि टाकी. तिने मधे एकदाही तोडलं नाही. ऐकून झाल्यावर म्हणाली,

"ताई, माले वाचता येस. मी तो कागद वाचा. त्यामा 'नही' असं लिखेल नही."

"कागदावर तसं लिहिता येत नाही, लता. पण मला माहीत आहे."

तिने कोपऱ्यात पाटी घेऊन बसलेल्या आपल्या मुलीला हाक मारली आणि माझ्यापुढे बसवलं.

"हिना डोकावर हात ठेवा नि सांगा. दाजीना पानीमुये नही व्हयनं."

मुलीच्या केसांना खोबरेल तेल लावलेलं होतं. मला तीन काळ्या नळ्या दिसल्या, शेजारीशेजारी, कुठली कुणाची ओळखू न येणाऱ्या. मला खात्री होती. आजही आहे. पण ज्याची खात्री आहे आणि जे दिसलं आहे, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या, हीच तर माझी सगळी नोकरी होती. असा विचार मी काही मुद्दाम केला नाही. हात मांडीवरून उठायला वेळ लागला, एवढंच.

मग मी हात ठेवला आणि म्हटलं, "आप्पांच्या पाण्यामुळे नाही झालं."

पण मधला वेळ लताने पाहिला होता. मी दाराकडे पाहिलं. आप्पांनीही पाहिला होता. ते वाकून चपला शोधत होते, त्या त्यांच्या पायापाशीच होत्या.

लताने मुलीला माझ्या हाताखालून अलगद काढून घेतलं.

"ऱ्हाऊ द्या, ताई," ती म्हणाली. "च्या प्या. थंडा व्हई ऱ्हायना."